केतकीबद्दल घरच्यांचे म्हणणे

मागच्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या पुतणीबद्दल घरातल्या तीन माणसांचे म्हणणे मी एका वहीत उतरवून घेतले. पुतणीचे नाव केतकी, वय तेव्हा बावीस. सैन्यात अधिकारी होण्यासाठीची लेखी परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती आणि पाच दिवसांच्या निवड चाचणीसाठी तिला भोपाळचे बोलावणे आले होते. प्रश्न एकच होता. ही मुलगी अधिकारी व्हायला योग्य आहे का? तिघांचेही उत्तर नाही असे होते.

आता पुन्हा उन्हाळा आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवलेला कूलर मार्चच्या शेवटी खाली आला, त्याच्या तीन बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या आणि पहिल्यांदा पाणी सोडले तेव्हा घरभर तो ओल्या मुळांचा वास पसरला. हा वास दोन दिवस टिकतो. मग नाकाला सवय होते. राहतो तो आवाज. नागपुरात उन्हाळ्याचे तीन महिने घरातली माणसे एकमेकांशी थोडी मोठ्याने बोलतात. कोणी रागावलेले नसते, कूलर चालू असतो. पाहुणे बाहेरगावचे असले तर दचकतात. केतकी या घरात जन्मली, पण तिचा आवाज कूलरच्या वर कधी गेला नाही. तिला काही सांगायचे असले की ती उठून जवळ येते.

त्या एप्रिलमध्ये ती अशीच जिना चढून माझ्याकडे आली. महाल भागातल्या आमच्या तीन मजली घरात खालचे दोन मजले थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे, आणि वरचा माझा. सकाळी मैदानावर तिच्याकडून तयारी करून घेणारे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी सांगितले होते, की चाचणीत एक कागद असतो. पंधरा मिनिटांत स्वतःबद्दल पाच परिच्छेद लिहायचे. आईवडिलांना तुमच्याबद्दल काय वाटते, शिक्षकांना काय वाटते, मित्रांना काय वाटते, तुम्हाला स्वतःला काय वाटते, पुढे कसे व्हायचे आहे. शिकवणी वर्गांत याची तयार उत्तरे मिळतात. सुभेदारांचे म्हणणे होते, तयार उत्तर तिथे लगेच ओळखू येते. घरी जा आणि विचारा.

तिने विचारले होते. दादा म्हणाला, "चांगली पोरगी आहेस." वहिनी म्हणाली, "जेवून घे."

"काका, तुम्ही विचारा ना," केतकी म्हणाली. "माझ्यासमोर कोणी खरं बोलून नाही राहिलं."

"माझ्यासमोर बोलतील?"

"तुम्ही वही काढली की लोक बोलते. तुम्हीच सांगता ना." मग दारापाशी थांबून म्हणाली, "दोन-दोन ओळी करून द्याल. पंधरा मिनिटांत तेवढंच बसन."

दोन ओळी करणे हे माझे काम होते. एका दैनिकात एकोणतीस वर्षे मी तालुक्यांहून आलेला मजकूर कापला. सावनेरहून, काटोलहून, खाप्याहून बातमीदार तीनशे शब्द पाठवायचे आणि जागा ऐंशी शब्दांची असायची. कापायची रीत ठरलेली आहे. बातमीत महत्त्वाचे आधी येते, कमी महत्त्वाचे नंतर. म्हणून कापताना खालून कापायचे. वरून कोणी कापत नाही.

दादाचे म्हणणे दुकानात घेतले. गांधीबागेत त्याचे आहेराच्या कापडाचे ठोक दुकान आहे. साड्या, शर्टपीस, टॉवेल, टोप्या. एप्रिल म्हणजे लग्नसराई. गल्लीवर एका दुकानापासून समोरच्या दुकानापर्यंत ताडपत्र्या बांधलेल्या होत्या आणि त्यांच्यातून झिरपलेल्या उजेडाने खालची माणसे निळसर दिसत होती. कोऱ्या कापडाला खळीचा वास असतो. तो गल्लीच्या तोंडापासून सुरू होतो आणि संध्याकाळी घरी गेल्यावर शर्टाला येतो. दादा गादीवर लोडाला टेकून बसला होता. गिऱ्हाईक नव्हते.

"लिहून घेतं काय? लिही मग," तो म्हणाला. "आवाज नाही पोट्टीले. परवा दुकानात बसली होती. भंडाऱ्याचं गिऱ्हाईक आलं. पन्नास साड्या खोलल्या तिनं. गिऱ्हाईक उठून गेलं, अन् ही त्याले म्हणते, परत याल काका. अफसर असा राहते का?"

"कसा राहते?"

"रुबाब लागते, बाप्पा. ती आत आली का समोरचा उठला पाहिजे. हिच्यासाठी आपल्या दुकानातला पंखा हलत नाही." मग माझ्या वहीकडे बघून म्हणाला, "तुले काय वाटते?"

"मी लिहून घेऊन राहिलो."

"हाव. तू नेहमी लिहूनच घेतं."

मी पायऱ्या उतरून गल्लीत आलो तेव्हा तो मागून दुकानाच्या कडेपर्यंत आला. हातात टॉवेलचे बंडल होते. म्हणाला, "हे लिहू नको. तिथं गोळ्या चालते. आपल्या घरातून कोणी पोलिसातबी नाही गेलं आजपोहोत." मी लिहिले नाही. लिहू नको म्हणून सांगितलेले लिहायचे नसते. आज लिहितो आहे ते त्याला विचारून.

दुसरे म्हणणे ताईचे. ही आमची थोरली बहीण, केतकीची आत्या. सावनेरजवळ तिची संत्र्याची बाग आहे, थोडा कापूस आहे. मृग बहाराची शेवटची संत्री घेऊन ती त्या आठवड्यात आली होती. ती संत्री दिसायला चांगली नसतात. साल सुटलेली, पिवळी, हातात घेतली की आतून हलणारी. पण गोडी त्यांचीच. ताई पाय पसरून बसली होती आणि सोलून सोलून फोडी सगळ्यांपुढे ठेवत होती. केतकी स्वयंपाकघरात होती, ऐकू येईल इतक्या अंतरावर. ताईला त्याचे काही नव्हते.

"लिही. केतकीले दिशा समजत नाही. सावनेरच्या स्टँडवरून माहं घर पाच मिनिटं. मागच्या साली गाडी घेऊन आली. मी इकडे भाकरी थापून राहिली, अन् हिचा फोन. आत्या, पूल आला, आता कोणीकडे? घराच्या रस्त्यात पूल कुठून आणू मी? खाप्याले पोहोचली होती ते, कन्हान नदीवर."

आतून केतकीचे हसणे ऐकू आले.

"हास. हिच्यामागं फौज दिली तं फौज राहीन एकीकडे अन् लढाई राहीन दुसरीकडे. अन् ही तिथून फोन करन, आत्या, पूल आला."

"आत्या, तिथं नकाशा असतो," केतकी आतून म्हणाली.

"खाप्याले जाताना मोबाईलात नकाशाच होता ना वं?"

आतून भांड्यांचा आवाज वाढला.

तिसरे म्हणणे वहिनीचे. ते गच्चीवर घेतले, सकाळी साडेसहाला, कारण त्या दिवशी कुरडया होत्या. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक पहाटेच शिजवला होता. पातेल्यातून वाफ निघत होती आणि जुन्या धोतराच्या पानावर वहिनी सोऱ्याने एकेक कुरडई पाडत होती. ओली कुरडई काचेसारखी दिसते. दुपारपर्यंत ती पांढरी होते, संध्याकाळी हाताला टोचते. महालातल्या बहुतेक गच्च्यांवर त्या आठवड्यात हेच चालू होते. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर मीठ बरोबर झाले का, अशी विचारपूस होत होती. वहिनी कमी बोलते. हात कामात असले तर थोडे जास्त.

मी वही उघडून पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. तिने दोन ओळी कुरडया पाडल्या.

"भाऊजी, लिहून राहिले का?"

"हो."

"तिले लागलं तं ते सांगत नाही," वहिनी म्हणाली. "सहावीत होती. शाळेच्या पायरीवरून पडली, मनगट मोडलं. दोन दिवस डाव्या हातानं जेवली. मी विचारलं, काहून वं? तं म्हणते, दोन्ही हातानं जेवता आलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी केस धुवून देताना मले दिसलं. हात हा एवढा सुजलेला. रडली नाही. डॉक्टर म्हणे, बहादूर आहे पोरगी. मले नाही वाटलं तसं."

सोऱ्या रिकामा झाला. तिने तो भरला, दांडा फिरवला. एक ओळ पूर्ण केली.

"जे आपलं लागलेलं सांगत नाही, तिले दुसऱ्याचं लागलेलं दिसन का? तिच्या हाताखाली लोकांचे पोरं राहतीन. एखादा पाय ओढत चालला तं ही त्याले म्हणन, चल. स्वतःले म्हणते तसंच. म्हणून मी नाही म्हणते, भाऊजी. बाकी मले भीती-बीती नाही."

हे सगळे मी वहीच्या डाव्या पानावर जसेच्या तसे घेतले. संध्याकाळी उजव्या पानावर दोन-दोन ओळी केल्या. वडिलांच्या मते तिचा आवाज लहान आहे. तिने अधिक ठामपणे बोलायला हवे. आत्याच्या मते तिला दिशांचे भान कमी आहे. त्यावर ती मेहनत घेत आहे. आईच्या मते ती सहनशील आहे. स्वतःच्या दुखण्याचा बाऊ करत नाही.

आत्याच्या ओळीतली मेहनत मी घातली होती. मजकूर एकांगी वाटू नये म्हणून डेस्कवर असे घालतात.

केतकीने उजवे पान वाचले. "आई असं म्हणाली?" असे एकदा विचारले, आणि तिचा चेहरा खुलला. मग म्हणाली, "तुमचं कुठं आहे?"

"बातमीदार स्वतःचं मत लिहीत नाही."

"पण तुम्ही काका आहात."

मी वही तिच्यापुढे सरकवली. तिने पान फाडून घेतले. डावी बाजू वहीतच राहिली.

माझे उत्तरही नाही असेच होते. कारण वेगळे होते. मला वाटत होते, की ही मुलगी फार विचारते. कोणता ड्रेस घालू इथपासून कोणते कॉलेज घेऊ इथपर्यंत ती चार जणांना विचारते आणि चौघांचे मिळून जे निघेल ते करते. सैन्यात अधिकारी व्हायचे का, हेसुद्धा तिने घरभर विचारून झाले होते. जिथे विचारायला कोणी नसेल तिथे ती काय करेल, हे मला दिसत नव्हते. हे तेव्हा लिहायला हवे होते. ते चौथे म्हणणे होऊन तिच्या हाती पडले असते.

मागचा मे महिना मला रस्त्याच्या बाजूने आठवतो. पहाटे पाचला केतकी बूट बांधून बाहेर पडायची. तेव्हा तेवढे दोन तास हवा बरी असते. रस्त्याचे डांबर रात्रभर निवून नुकतेच काळे दिसू लागलेले असते. बहाव्याला पिवळी झुंबरे लागलेली असतात आणि त्यांच्या पाकळ्या नाल्यांच्या जाळ्यांवर अडकलेल्या असतात. साडेसातला ती परत यायची. तोवर ऊन भिंतीवरून अंगणात उतरलेले असायचे. वहिनी पन्हे पुढे करायची. दादा दुकानाला निघताना ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, जसे आमचे वडील ठेवायचे. दुपारी गल्लीत कुत्रेही नसायचे. कूलरचे पाणी दोनदा भरावे लागायचे आणि नळाचे पाणी हाताला पोळायचे.

याच महिन्यात मी काही गोष्टी पाहिल्या. दुसऱ्या आठवड्यापासून केतकी जिना उतरताना कठडा धरू लागली. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात घरी घोट्यापर्यंत पँट घालू लागली. जेवताना खाली मांडी घालायची, ती खुर्चीवर बसू लागली. कूलरच्या वाऱ्यावर वाळ्यासोबत मलमाचा वास येऊ लागला. हे सगळे मी पाहिले आणि विचारले नाही. ती सांगेल, असे धरून चाललो होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती भोपाळला गेली आणि सहाव्या दिवशी परत आली. स्टेशनवर आणायला मी गेलो होतो. तिथली पद्धत तिने गाडीतच सांगितली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवतात. एक अधिकारी येतो, निवड झालेल्यांचे छातीवर लावलेले क्रमांक वाचतो. बाकीच्यांनी सामान उचलायचे. कारण सांगत नाहीत. कोणालाच सांगत नाहीत, पत्र पाठवले तरी सांगत नाहीत.

घरी मात्र त्याच दिवशी कारणे तयार होती. दादा म्हणाला, आवाज. सावनेरहून ताईचा फोन आला, तिने विचारले, मैदानात चुकली होती का? दोघांनाही आपापले म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटत होते, आणि तसे वाटल्याचा आनंद दोघांनाही नव्हता. अधिकृत कारण उपलब्ध नव्हते, हे मी दोनदा सांगितले.

वहिनी दारात उभी होती. ती केतकीच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती.

"काहून अशी चालून राहिली वं?"

"शूज नवे आहेत."

"काढ."

उजव्या पायाच्या नडगीवर गुडघ्याखाली एक वीतभर सूज होती. दुसऱ्या दिवशी धंतोलीत डॉक्टरांना दाखवले. एक्स-रेमध्ये केसासारखी बारीक चीर निघाली. कडक रस्त्यावर रोज धावल्याने अशी होते, डॉक्टर म्हणाले, आणि विचारले, किती दिवसांपासून दुखते?

"आठ-दहा दिवस," केतकी म्हणाली.

"खरं सांग," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून वाट पाहिली.

"सव्वा महिना."

त्या दुपारी केतकी पाय उशीवर ठेवून पडली होती. कूलर चालू होता. वहिनी तिच्या पायथ्याशी बसून बर्फ टॉवेलात गुंडाळत होती. दादा दुकानातून लवकर आला होता, आणि मी खुर्चीत होतो.

"त्या कागदावर माह्या नावानं काय लिहिलं होतं?" वहिनीने विचारले.

"लिहिलं ना. आई म्हणते मी सहनशील आहे. दुखण्याचा बाऊ करत नाही."

"मी असं म्हटलं?"

केतकीने माझ्याकडे पाहिले. मी वर जाऊन वही आणली. डावे पान उघडून, टाकीच्या सावलीत घेतले होते तसे, शब्दाला शब्द वाचून दाखवले. दादाने उठून कूलर बंद केला. 'तिच्या हाताखाली लोकांचे पोरं राहतीन' हे वाक्य केतकी पहिल्यांदा ऐकत होती. तिने पाय उशीवरून खाली घेतला नाही, पण उठून बसली.

वाचून झाल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी खोट सांगतली होती. तुमी त्याचं प्रशस्तिपत्र केलं."

"दोन ओळींत बसवायचं होतं," मी म्हणालो.

"बसलं ना मग."

ती बर्फ घेऊन पुन्हा पायथ्याशी बसली.

त्यानंतर मी या गोष्टीचा बराच विचार केला. बातमी लिहिणारा महत्त्वाचे आधी लिहितो, कारण त्याला तसे शिकवलेले असते. घरातली माणसे महत्त्वाचे शेवटी बोलतात. आधी पन्नास साड्यांची गोष्ट होते, मग पायऱ्यांपर्यंत मागे येऊन गोळ्यांची. आधी मनगटाची गोष्ट होते, मग एक सोऱ्याभर शांतता, आणि मग ज्यासाठी बोलायला सुरुवात केली ते. मी खालून कापत आलो. तालुक्यांहून आलेल्या किती मजकुरांतले शेवटचे वाक्य असे गेले, ते आता कळायला मार्ग नाही. मूळ कागद आठवड्याच्या आठवड्याला रद्दीत जायचे.

केतकीने त्या दुपारी आणखी एक सांगितले. मुलाखतीत समोरच्या अधिकाऱ्याकडे तिचा तो कागद होता. त्यांनी विचारले होते, 'मला दुखते आहे' असे तू शेवटचे कोणाला केव्हा सांगितलेस?

"मग तू?" दादाने विचारले.

"मी म्हटलं, सर, मला फारसं लागतच नाही."

"अन् ते काय म्हणे?"

"काही नाही. पुढचा प्रश्न विचारला. पाय तर टेबलाखाली होता, त्यांना दिसून नव्हता राहिला."

निवड न होण्याशी या उत्तराचा संबंध होता का, याला दुजोरा नाही. असणार, असे केतकीला वाटते. मला माहीत नाही.

सहा आठवडे पायावर भार द्यायचा नव्हता. पावसाळा तिने खिडकीत काढला. सप्टेंबरमध्ये लेखी परीक्षा पुन्हा दिली, दिवाळीनंतर पास झाल्याचे कळले. सुभेदारांना तिने सगळे सांगितले. त्यांनी डांबरावर धावणे बंद करून मातीच्या मैदानावर आणले आणि तीन महिने नुसते चालायला लावले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती गेल्यानंतर वीस मिनिटांतच परत आली. वहिनी पोळ्या करत होती. मी दूध द्यायला खाली आलो होतो.

"आज दुखलं," केतकी म्हणाली. "थांबले."

"कुठं?"

"इथं."

वहिनीने तव्यावरची पोळी उलटली. मग पिठाचा हात तसाच ठेवून वाकून बघितले. "बस," म्हणाली. केतकी बसली. एवढेच झाले. मी दूध ठेवून वर आलो.

या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा कुरडया झाल्या. भोपाळचे दुसरे बोलावणे आले होते. गच्ची माझ्या मजल्याला लागूनच आहे, खिडकीतून मला तिचा अर्धा भाग दिसतो. या वेळी सोऱ्या केतकीच्या हातात होता आणि तिच्या कुरडया वाकड्या पडत होत्या. वहिनी पातेल्यापाशी बसली होती. थोड्या वेळाने दोघींनी जागा बदलल्या. केतकीने मांडीवर वही घेतली. वहिनी बोलत होती, केतकी लिहीत होती. दोन ओळींहून ते बरेच जास्त होते. एकदा केतकी लिहायची थांबली आणि काहीतरी म्हणाली, वहिनीने मान हलवली, तिने पुन्हा लिहायला घेतले. ऐकू काही आले नाही. ती वही मी पाहिलेली नाही आणि मागितलेली नाही. पुढे दादा एकदा गच्चीवर आला, चीक बोटाने चाखून गेला. तो काय म्हणाला तेही मला माहीत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. पाचव्या दिवशी दुपारी दुकानात दादाचा फोन वाजला. त्या वेळी मी तिथे होतो. दादाने दोनदा विचारले, "कोणाचा नंबर घेतला?" आणि दोन्ही वेळा तिकडून एकच उत्तर आले. मग त्याने फोन माझ्या हातात दिला आणि समोर उघडलेल्या साड्यांच्या घड्या घालू लागला. संध्याकाळी ताईने सावनेरहून विचारले, "भोपाळलेच उतरली होती ना, का इटारसीले?"

निवड झालेल्यांची तिथेच वैद्यकीय तपासणी होते. निकालानंतर तिसऱ्या दिवशी, बारा वाजता, तिचा पुन्हा फोन आला. आम्ही जेवायला बसत होतो. दादाने कूलर बंद केला, फोन टेबलावर ठेवला.

"फॉर्मवर जुन्या फ्रॅक्चरचं विचारलं होतं," केतकी म्हणाली. "एक्स-रे काढला. आता त्यात काही दिसत नाही. माझ्यासोबतच्या मुली म्हणून राहिल्या होत्या, लिहू नको."

"बराबर म्हणून राहिल्या," दादा म्हणाला. "दिसत नाही तं काहून सांगतं? वर्षभर मेहनत केली. नको लिहू."

"बाबा, मी विचारून नाही राहिली. लिहून दिलं सकाळीच."

दादाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

"काय लिहिलं?"

"उजवा पाय, नडगी, मागचा जून. डॉक्टर मॅडमनं विचारलं, किती दिवस त्याच्यावर धावली? मी म्हटलं, सव्वा महिना. मग त्यांनी आणखी एका डॉक्टरांना बोलावलं."

कूलर बंद असल्याने गल्लीतल्या आइसक्रीमवाल्याची घंटा ऐकू येत होती.

वहिनी फोनजवळ वाकली. "आता दुखते का?"

"नाही."

"खरं?"

"खरं, आई."

"बरं," वहिनी म्हणाली. "जेवली?"

तपासणी मंडळाने केतकीला तात्पुरते अपात्र ठरवले आहे. सहा आठवड्यांच्या आत पुण्याच्या लष्करी रुग्णालयात पायाची सविस्तर तपासणी होईल आणि तिथला निर्णय शेवटचा असेल. त्यानंतर गुणवत्ता यादी लागते. यादीत नाव आले तर प्रशिक्षण, नाही आले तर नाही. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तारीख विचारली. तारीख जूनच्या शेवटच्या आठवड्यातली आहे.

पुण्याची तिकिटे काल दादाने काढली. दोन आहेत. दुसरे वहिनीच्या नावावर आहे.